निबंधात 'गरिबी म्हणून दहशतवाद' लिहायच्या आधी

सांगलीच्या विश्रामबागेतल्या अभ्यासिकेत पोरांचे निबंध वाचतो मी, पहिली ओळ ठरलेली, गरिबी आहे म्हणून दहशतवाद आहे. ती ओळ आधी खोडा राव. मग आपल्याच जिल्ह्याकडं बघा, जतला टँकरची वाट बघत घागरींची रांग आणि वाळव्यात ऊस, बंगले, दारात बुलेट, तरी जतची माणसं कोयता घेऊन ऊसतोडीलाच जातात ना, बाँब घेऊन कुठं?

उदाहरणं दोन्हीकडची घ्या. कसाब गरीब घरातला, पण लादेन सौदीतल्या बड्या बिल्डरचा पोरगा, आणि अमेरिकेवरच्या २००१ च्या हल्ल्यातला मोहम्मद अत्ता हॅम्बुर्गला शहर नियोजन शिकलेला.

आता खरा मुद्दा, इथंच मार्क आहेत. नुसता गिनी निर्देशांक टाकून मोकळं होऊ नका, तो घराघरातल्या उत्पन्नाचा फरक सांगतो, गटागटातला नाही. एखाद्या समाजालाच नोकरी, जमीन, कर्ज नाकारलं की राग साचतो, पण त्याला बंदूक द्यायला संघटना, पैसा, भडकवणारं कोणतरी लागतंच. गडचिरोली घेतलीत तर जंगल-जमिनीचा प्रश्न वेगळ्या परिच्छेदात लिहा, नक्षली हिंसा वेगळ्या, नाहीतर दोन्हीची खिचडी होते.

उपाय शेवटी चार ओळीत, पानभर नको.