घंटा ओतायचीय? मग आधी माती मळा

भट्टीचे व्हिडिओ बघून जी पोरं-पोरी विचारायला येतात त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ताई आम्हाला धातू ओतायला कधी मिळेल. खरं सांगू का, बारा इंच तोंडाची घंटा अर्ध्या मिनिटात भरते. त्याच्या आधीचे कित्येक आठवडे माती, लीद, राख, कोळसा आणि वाट बघणं यात जातात, आणि या लाइनमध्ये टिकायचं की नाही ते तिथेच ठरतं. म्हणून हे नवीन येणाऱ्यांसाठी लिहितेय, विशेषतः जेजे स्कूल ऑफ आर्टच्या शिल्पकलेतून किंवा आयटीआयच्या फाउंड्रीमन ट्रेडमधून बाहेर पडून आता पुढे काय असा विचार करणाऱ्यांसाठी.

मी शिकले जेजेला, काम करते साकीनाक्याच्या एका ओतकामाच्या शॉपमध्ये. रोजचं काम म्हणजे गनमेटलचे, म्हणजे तांबं-कथील-जस्ताच्या मिश्रधातूचे, बुश (दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या), पंपाचे पार्ट, अधूनमधून पुतळ्याचे तुकडे. त्यातच एक वेगळं काम हाती आलं, जुन्या पोर्तुगीज चर्चच्या घंटेची अर्ध्या मापाची प्रतिकृती, आणि तीही जुन्या पद्धतीने, म्हणजे मातीच्या साच्यात.

या घंटा आपल्याकडे कशा आल्या हे बहुतेकांना शाळेतल्या इतिहासापुरतं माहीत असतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि त्या मुलखातल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांत लागल्या. नाशिकच्या पंचवटीतली नारोशंकराची घंटा सगळ्यात प्रसिद्ध, तिच्यावर १७२१ साल आहे. वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७ आहे आणि कडेवर बाळ येशू घेतलेली मेरीसुद्धा, भीमाशंकरलाही अशीच एक आहे. नुसती वळणाची रेघ बघितली तरी फरक कळतो. आपली देवळातली घंटा बहुतेकदा वाटीसारखी गोलसर असते, या घंटांना खांदा असतो, मग कंबर, मग एकदम बाहेर पसरलेलं तोंड आणि तोंडाशी सगळ्यात जाड धातू, टोल नेमका तिथेच बसतो. ती जाडी तोंडाच्या व्यासाच्या साधारण तेराव्या हिश्शाएवढी असते, तीनशे मिलिमीटरच्या तोंडाला तेवीस.

मापं घ्यायला जाताना आधी विश्वस्तांची लेखी परवानगी घ्या, वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याचीसुद्धा. शंभर वर्षांवरची घंटा १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू धरली जाते, तिच्यावर थेट सिलिकॉन लावून साचा घेणं वगैरे डोक्यातूनच काढून टाका. लागतं काय तर टेप, ओळंबा, गुण्या आणि लांब पायांचा कॅलिपर, बस. घेराला टेप लावून व्यास काढायचा, ओळंब्यापासून दर दोन सेंटिमीटरवर अंतर मोजत बाहेरची रेघ काढायची, जाडी कॅलिपरने. फोनने चहूबाजूंनी फोटो काढून थ्रीडी मॉडेल करता येतं, कराच, पण आतली बाजू फोटोत नीट येत नाही आणि घंटेचा आवाज बाहेरच्या आणि आतल्या रेघेमधल्या जाडीवर ठरतो, त्यामुळे कॅलिपरला पर्याय नाही. आणि हो, टोल रेकॉर्ड करून आणायला विसरू नका, शेवटी तोच लागतो.

धातूचं प्रमाण कळायला एक्सआरएफची गन वापरतात, क्ष-किरणांनी धातू ओळखणारं हातातलं यंत्र, ती नुसती टेकवली की आकडे देते. फक्त ती वरवरचंच वाचते. जुन्या कांश्याच्या पृष्ठभागावरून तांबं गंजून निघून गेलेलं असतं म्हणून कथील खरं असतं त्यापेक्षा जास्त दिसतं, तो आकडा प्रमाण मानून धातू मिसळायला बसू नका. घंटेचं कांसं म्हणजे साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील, युरोपातही हेच आणि आपल्याकडच्या कांश्याच्या भांड्यांतही जवळपास हेच. बाजारात घंटा म्हणून जे मिळतं त्यातलं बरंच पितळ असतं, तांबं आणि जस्त, ते स्वस्त पडतं आणि पडलं तरी फुटत नाही, पण टोल दिल्यावर आवाज लवकर विरतो.

अर्ध्या मापाचं गणित नवीन माणसाला नेहमी चकवतं. व्यास निम्मा केला की वजन निम्मं होत नाही, आठवा हिस्सा होतं. चोवीस इंची घंटा दीडशे किलोच्या आसपास, तर बारा इंची अठरा-वीस किलो. आणि स्वर बरोबर दुप्पट, म्हणजे एक सप्तक वर. ही छोटी घंटा मूळ घंटेसारखी वाजेल असं गिऱ्हाइकाला कधी सांगू नका, एक सप्तक वर तोच रंग मिळेल असं सांगा.

आता माती. मुंबईत राहून हे काम करायचं तर निम्मी धावपळ सामान गोळा करण्यात जाते. चिकणमाती धारावीच्या कुंभारवाड्यातून. घोड्याची लीद कुठून आणणार, तर महालक्ष्मीला रेसकोर्सच्या तबेल्यांत ओळख काढावी लागते, आणि लोकलमधून ती गोणी आणायची झाली तर लगेज डब्यातसुद्धा लोक सरकून बसतात. बाकी वाळू, भाताचं तूस, तागाचे बारीक तुकडे. लीद कशाला असं सगळे विचारतात. त्यात न पचलेल्या गवताचे बारीक धागे असतात, ओल्या मातीला ते धरून ठेवतात, साचा भाजला की जळून जातात आणि त्यांच्या जागी बारीक वाटा राहतात, धातू आत आल्यावर हवा आणि वायू तिथून पळतो. वाटा नसतील तर तो वायू धातूतच अडकतो आणि घंटा आतून जाळीदार होते.

आमच्या शॉपमधले काका ओतारी घराण्यातले, कोल्हापूरकडचे. त्यांनी मला सुरुवातीला फक्त माती मळायला लावली. मूठभर माती दाबायची, बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत, मग तोच गोळा मधून मोडायचा, कडा धारदार राहिल्या पाहिजेत, भुगा पडता कामा नये. हाताला चिकटली तर पाणी जास्त. मी एकदा म्हटलं, काका याचं प्रमाण लिहून द्या ना. ते म्हणाले, ‘‘लिहून देतो की, पण पावसाळ्यातलं वेगळं, मे महिन्यातलं वेगळं, अन् तू आणलेल्या मातीचं तिसरंच, किती वह्या भरशील?’’ तरी मी वही ठेवते, तुम्हीही ठेवा, काकांकडे चाळीस वर्षांचे हात आहेत, आपल्याकडे नाहीत.

साच्याचा क्रम असा. मधे उभी सळई, तिच्याभोवती फिरणारी लाकडी पट्टी, तिला स्वीप म्हणतात, तिची कड घंटेच्या आतल्या रेघेप्रमाणे कापलेली. विटांचा पोकळ गाभा रचून त्यावर मातीचे थर द्यायचे आणि पट्टी फिरवत आकार काढायचा. तो वाळला की राखेचं पाणी फासायचं म्हणजे पुढचा थर चिकटत नाही. मग दुसरी पट्टी, बाहेरच्या रेघेची, आणि गाभ्यावर मातीचीच एक खोटी घंटा उभी करायची, हुबेहूब जाडीची. तिच्यावर मेणाचा हात, त्यावर मेणाची अक्षरं, क्रूस, साल. अक्षरं सरळच लावायची, उलटी नाही, कारण त्यांचा ठसा वरच्या कवचात उलटा उमटतो आणि धातूत पुन्हा सरळ येतो. मग कवच, पहिला थर कपड्यातून गाळलेल्या मातीचा आणि ब्रशने, फुंकर मारत, अक्षराच्या कोपऱ्यात एक बुडबुडा राहिला तरी घंटेवर तिथे फोड येतो. पुढचे थर जाड, मधे लोखंडी पट्ट्या. वाळवताना मेण वितळून जातं, कवच उचलायचं, खोटी घंटा फोडून टाकायची, कवच परत गाभ्यावर बसवायचं, आणि मधे जी पोकळी राहिली तीच तुमची घंटा. इटलीच्या बिरिंगुचोचा धातुकामावरचा ग्रंथ १५४० मध्ये छापला गेला, त्यात मातीच्या साच्यात घंटा ओतण्याचं वर्णन आहे. पूर्ण नमुनाच मेणाचा करून, त्यावर माती लिंपून, मेण वितळवून ओतायची आपली पद्धत त्याहून जुनी, बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासात ती तपशिलाने आहे.

दोन्ही पट्ट्या कापताना दीड टक्का वाढवून कापायच्या, धातू थंड होताना तेवढा आकसतो. तीनशे मिलिमीटरला चार-साडेचार. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं पण एकाच पट्टीला वाढ दिली आणि दुसरीला नाही तर जाडी बिघडते, आणि जाडी बिघडली की स्वर गेला. गाभ्याचं अजून एक, तो फार कडक झाला तरी वाईट. धातू आकसत गाभ्याला आवळतो, गाभा थोडा दबला पाहिजे, नाहीतर घंटा स्वतःच तडकते. तूस आणि ताग त्यासाठीच.

या सगळ्यात मुंबईचा खरा वैरी म्हणजे दमट हवा. जून ते सप्टेंबर मातीच्या साच्याचं काम घेऊच नका, कोणी कितीही पैसे देऊ दे. आम्ही दिवाळीनंतर सुरू करतो. वरून कोरडा दिसणारा साचा आतून ओला असतो, आणि अकराशे डिग्रीचा धातू ओल्या मातीला लागला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती धातू बाहेर फेकते. अंगावर. यात गंमत नाही. म्हणून गाभ्याच्या पोकळीत कोळशाची मंद आग ठेवायची, हळूहळू वाढवत न्यायची, एकदम पेटवली तर तडे जातात. कवच रोज काट्यावर वजन करायचं, वजन उतरायचं थांबलं की पहिली परीक्षा पास. दुसरी परीक्षा म्हणजे हवेच्या भोकावर थंड स्टीलची ताटली धरायची, तिच्यावर दव धरलं तर अजून ओल आहे, पुन्हा कोळसा टाका. आमच्याकडे तारीख ठरलेली, क्लायंट कॅमेरामन घेऊन आलेला, आणि ताटलीवर पुसटसं दव दिसलं, काकांनी सरळ ओतणं रद्द केलं. क्लायंट चिडला. चिडू दे. नवीन माणसाने या लाइनमध्ये सगळ्यात आधी हे नाही म्हणणं शिकावं असं माझं स्पष्ट मत आहे.

धातूचं थोडक्यात सांगते. तांबं कुर्ल्याच्या भंगारातलं मिलबेरी, म्हणजे चकचकीत सोललेली वायर, तीच घ्या, डाग दिलेले पाइप वगैरे नको, त्यात शिसं येतं. दारूखान्यात जहाजांचं गनमेटल स्वस्त मिळतं पण त्यात जस्त असतं, घंटेला नको. कथील महाग, वितळतं २३२ डिग्रीला, तांबं १०८५ ला, म्हणून तांबं आधी, कोळशाच्या भुग्याखाली, आणि कथील अगदी शेवटी, आधी टाकलं तर जळून राख होते. रंगावरून तापमान ओळखणारे जुने लोक आहेत, मान आहे, तरी पायरोमीटर वापरा. वीस किलोच्या घंटेला पंचवीसच्या वर धातू वितळवायचा, वरचा माथा आणि ओतायची वाट भरायला लागतो, पुरला नाही तर घंटा गेली, मधे थांबून परत ओतता येत नाही. साचा खड्ड्यात पुरून भोवती माती ठासायची, नाहीतर धातूच्या दाबाने कवच वर उचललं जातं. खाली कोरडी वाळू, उघड्या काँक्रीटवर कधीच नाही, धातू सांडला की काँक्रीट फुटून उडतं. अंगावर कॉटन, चामड्याचा एप्रन, चेहऱ्यावर शील्ड, पायात लेस नसलेले बूट.

ओतून झालं की हात लावायचा नाही. बावीस टक्के कथिलाचं कांसं काचेच्या स्वभावाचं, गरम असताना उकरून काढलं, वारा लागला, की तडा. दुसऱ्या दिवशीपण खड्डा हाताला गरम लागत असेल तर झाकून ठेवा.

मग आवाज. ऑडॅसिटी हे आवाजाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात टोल टाकला की स्वरांचे उंचवटे वेगवेगळे दिसतात. चर्चच्या घंटेत एक सा नसतो, मंद्र सा, मध्य सा, कोमल गंधार, पंचम आणि तार सा असा पूर्ण घोळका असतो, तो कोमल गंधारच त्या आवाजाला उदास करतो. अठराव्या शतकातल्या घंटेत हे सगळं जागेवर नसतं, इकडेतिकडे सरकलेलं असतं. इंग्लंडच्या टेलर फाउंड्रीने १८९६ पासून लेथवर आतून धातू खरवडून हे स्वर पद्धतशीर जुळवायला सुरुवात केली, त्यांच्याच १९०४ च्या आठ घंटा कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आहेत. प्रतिकृती करताना मोह होतो की आपणही लेथवर चढवून शुद्ध करू. करू नका. मूळ घंटा जिथे बेसूर आहे तिथे आपलीही तशीच बेसूर हवी, त्यासाठीच तर एवढी मापं घेतली. आमच्या घंटेचा मध्य सा आणि कोमल गंधार मूळ रेकॉर्डिंगच्या बरोबर सप्तकभर वर आले, पंचम जरा चढा लागला, वही काढून बघितलं तर कंबरेजवळ जाडी मिलिमीटरभर जास्त भरलेली.

पैशाचं बोलायचं तर नुसत्या ऐतिहासिक घंटांवर मुंबईत घर चालत नाही. लंडनची व्हाइटचॅपल फाउंड्री, शेकडो वर्षं घंटाच करणारी, २०१७ मध्ये तीही बंद झाली. रोजची कमाई बुश आणि पुतळ्यांतून, घंटा वर्षाकाठी एखादी. मोठ्या प्रमाणात घंटा ओतणं बघायचं असेल तर उत्तर प्रदेशात जलेसरला जाऊन या, पूर्ण गाव त्यावर चालतं. धातूशास्त्र नीट शिकायचं असेल तर आयआयटी पवई आहे, आणि जुन्या वस्तूंच्या जतनाकडे वळायचं असेल तर फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र, तिथल्या वर्कशॉपवर लक्ष ठेवा. पण शॉपमध्ये उभं राहायला डिग्री कोणी विचारत नाही. पोर्टफोलिओ दाखवायला टॅब आणलात तर काका बघतील, मान हलवतील आणि मातीच्या ढिगाकडे बोट दाखवतील, तेव्हा कॉटनचे जुने कपडे घालून या, नखं कापून या, आणि जमलं तर महालक्ष्मीहून येताना एक गोणी घेऊन या.