गावच्या वाचनालयात युरोपीय तत्त्वज्ञान : वाचनमंडळ कसे चालवावे

एकत्र बसून वाचण्याची सवय विदर्भातील खेड्यांना नव्याने लावावी लागत नाही. ग्रामगीतेचे सामुदायिक वाचन किंवा वर्षावासात विहारात होणारे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन अनेकांनी लहानपणापासून ऐकलेले असते. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र आणि जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरही असेच मोठ्याने वाचावेत, मात्र वाचणाऱ्याला कोणत्याही वाक्यावर थांबवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे.

सुरुवात कापसाची शेवटची वेचणी आटोपल्यावर करावी. गहू-हरभऱ्याचे ओलीत चालू असेल, तर शेतीला दिवसा वीज मिळते तोच आठवडा धरावा, कारण रात्रीची पाळी असली की माणसे मोटार लावायला शेतावर जातात. बैठकीची वेळ स्त्रियांना विचारून ठरवावी. सात-आठ जण पुरेत.

पहिले पुस्तक जाडजूड नको. सार्त्रने ऑक्टोबर १९४५ मध्ये पॅरिसला अस्तित्ववादावर, म्हणजे माणूस आपल्या निवडींतून स्वतःला घडवतो या विचारावर, दिलेले व्याख्यान १९४६ मध्ये छापून आले. ते छोटे आहे आणि सामान्य श्रोत्यांसमोर दिलेले आहे. इंग्रजी किंवा हिंदी चांगले येणाऱ्याने एका बैठकीपुरता उतारा मराठीत उतरवावा आणि तालुक्याहून त्याच्या झेरॉक्स आणाव्यात. एका बैठकीला एक पान, त्याहून जास्त नको.

उतारा दोनदा वाचावा. मग वाचणारा सोडून दुसऱ्या कोणी तो आपल्या शब्दांत सांगावा, आणि ‘लेखक हेच म्हणतो’ यावर सगळ्यांचे जमेपर्यंत कोणीही स्वतःचे मत मांडू नये. हा नियम पाळणे सर्वांत अवघड जाते. त्या व्याख्यानात एका विद्यार्थ्याची हकीकत आहे : भाऊ १९४० मध्ये जर्मनांशी लढताना मारला गेला, आई एकट्या याच्या आधाराने जगते, आणि त्याला इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात भरती व्हायचे आहे. हे वाचताच पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या मुलांचा विषय निघतोच. तो थोडा थांबवून आधी विचारावे, की सार्त्र त्याला सल्ला का देत नाही? कारण त्याच्या मते, आपण सल्ला कोणाकडे मागतो यातच आपली निवड दडलेली असते. हे समजले, की शेत विकावे का हे विचारायला माणूस गावातल्या नेमक्या कोणत्या वडीलधाऱ्याकडे जातो, यावर चांगली दोन तास चर्चा होऊ शकते, आणि ती चर्चा उताऱ्यापासून दूरही जात नाही.

हायडेगरकडे दुसऱ्या वर्षी वळावे. त्याच्या १९२७ च्या ग्रंथातील हातोड्याचा भाग तेवढा घ्यावा : अवजार हाताखाली नीट चालत असते तोवर ते आपल्या लक्षात येत नाही, मोडले की वस्तू म्हणून समोर उभे राहते. वखरणी चालू असताना कोणी पासेकडे, म्हणजे वखराच्या पात्याकडे, पाहत नाही, पण ती दगडाला अडकून वाकली की बैल उभे राहतात आणि पास, जू, तास, उरलेले रान, सगळे एकदम डोळ्यांपुढे येते. एखाद्या शेतकऱ्याला हे स्वतःच सांगू द्यावे, कारण ते प्राध्यापकापेक्षा त्याला अधिक नेमके सांगता येते.

शब्दांसाठी वेगळी वही ठेवावी. ‘चिंता’ म्हटले की आपल्याला कर्ज आणि पाऊस आठवतो, पण हायडेगर ज्या व्याकुळतेविषयी बोलतो तिला असा बोट दाखवता येईल असा विषय नसतो. भीतीला तो असतो. हा फरक वहीत उदाहरणासह लिहावा आणि नवा सदस्य आला की वही आधी त्याच्या हाती द्यावी.

हायडेगर १९३३ मध्ये नाझी पक्षाचा सदस्य झाला होता, हे मंडळापासून लपवू नये. त्यासाठी एक पूर्ण बैठक राखून ठेवावी, आणि ज्याला त्यानंतर तो वाचायचाच नसेल त्याचे कारणही वहीत लिहून घ्यावे.

मृग लागला की वाचन थांबवावे, कुठल्या पानावर थांबलो तेथे खूण घालावी आणि वही वाचनालयाच्या कपाटात ठेवावी.