एचपीव्ही तपासणीसाठी नमुना स्वतः कसा घ्यावा

एचपीव्ही हा गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणारा विषाणू. त्याच्या तपासणीचे किट हातात आले की बहुतेकजणींना एकच धास्ती असते: स्वॅब (नमुना घ्यायची मऊ टोकाची काडी) गर्भाशयमुखापर्यंत पोचलाच नाही तर? पोचायची गरजच नाही. पॅप तपासणीत गर्भाशयमुखावरच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, म्हणून त्या नेमक्या तिथूनच घ्याव्या लागतात. एचपीव्ही चाचणी विषाणू शोधते, आणि तिथून सुटलेल्या पेशी व विषाणू योनीमार्गात उतरलेले असतात. पीसीआर पद्धतीची (विषाणूचा जनुकीय अंश अनेक पटींनी वाढवून शोधणारी) चाचणी असेल तर स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा ठरतो.

ही तपासणी काहीही त्रास नसलेल्यांसाठी आहे. संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त जात असेल, अंगावरून दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित पाणी जात असेल, ओटीपोट सतत दुखत असेल, तर किट बाजूला ठेवा आणि थेट डॉक्टरांकडे जा. गरोदर असाल तर आधी विचारून घ्या. गर्भाशयासह गर्भाशयमुखही काढलेले असेल, तर तपासणी लागते की नाही हे तुमचे डॉक्टर सांगतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या सूचनांनुसार सुरुवात 30 व्या वर्षी आणि मग दर 5 ते 10 वर्षांनी. एचआयव्ही असलेल्यांसाठी 25 व्या वर्षापासून, दर 3 ते 5 वर्षांनी. तुमच्याकडचे वेळापत्रक वेगळे असेल तर ते पाळा.

पाळी चालू असेल तर ती संपू द्या. आधीचे दोन दिवस योनीमार्गात क्रीम, जेल किंवा गोळी ठेवू नका आणि आतून पाणी मारून धुऊ नका. डॉक्टरांनी दिलेले औषध चालू असेल तर ते मधेच बंद न करता तपासणी पुढे ढकला. स्वॅबला वंगण लावू नका.

आता खरे काम. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. आधी पाकिटातला कागद वाचा, कारण किटनुसार फरक असतो: कुठे काडी कोरडीच परत नळीत जाते, कुठे द्रावणात बुडवायची असते, कुठे स्वॅबऐवजी ब्रश असतो. नळीवर नाव, जन्मतारीख आणि नमुना घेतल्याची तारीख आत्ताच लिहा. ओल्या हाताने नंतर लिहिलेली शाई पसरते.

साबणाने हात धुऊन कोरडे करा. कमोडवर बसून गुडघे फाकवा, एक पाय स्टुलावर ठेवून उभ्या राहा किंवा आडव्या पडा. ज्यात अंग सैल पडेल ती स्थिती घ्या. काडीवर बहुधा एक खूण किंवा खाच असते. खुणेपाशी किंवा तिच्या पलीकडे, मखमलीसारख्या टोकापासून दूरच्या बाजूला धरा, टोकाला बोट लागू देऊ नका. दुसऱ्या हाताने बाहेरच्या कडा अलग करून काडी आत सरकवा. दिशा सरळ वर नव्हे, पाठीच्या कण्याकडे थोडी तिरकी. साधारण 5 सेंटीमीटर, म्हणजे मधल्या बोटाच्या निम्म्याहून थोडे जास्त. अडली तर जोर न लावता खोल श्वास सोडा आणि कोन किंचित बदला.

मग 10 ते 30 सेकंद गोल फिरवा. जागच्या जागी नुसती चिमटीत फिरवणे पुरत नाही, टोक भिंतींना घासले गेले पाहिजे. ब्रश असेल तर सूचनेत दिलेले फेरे मोजा. हलका ओरखडा जाणवेल, दुखणार नाही. बाहेर काढताना टोक मांडीला वा कपड्याला न लावता थेट नळीत घाला. काडी मोडायची असेल तर खाचेवरच मोडा आणि झाकण घट्ट फिरवा. टोकाला रक्ताचा पुसटसा डाग दिसला तरी नमुना चालतो.

नमुने वाया जातात ते बहुधा या क्षुल्लक गोष्टींनी: नळीवर नाव नाही, नळीवरचा आणि अर्जावरचा मजकूर जुळत नाही, द्रावण सांडले, नमुना दिवसेंदिवस पर्समध्ये राहिला. द्रावण सांडले तर नळीत पाणी घालून पाठवू नका. काडी जमिनीवर पडली तर ती पुसून वापरू नका. दोन्ही वेळा नवे किट मागा. नमुना उन्हात किंवा तापलेल्या गाडीत न ठेवता शक्यतो त्याच दिवशी रवाना करा.

बऱ्याच चाचण्यांत नमुन्यात मानवी पेशी आहेत का, हेही पाहतात. नसतील तर निकाल ‘अवैध’ येतो. तो निगेटिव्ह नव्हे. नमुना पुन्हा द्यावा लागतो.

निगेटिव्ह आला तर पुढची तारीख लिहून ठेवा. मात्र मधल्या काळात रक्तस्राव झाला तर त्या निकालावर विसंबून थांबू नका. पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेकींचा संसर्ग वर्षा-दोन वर्षांत शरीरच निपटून टाकते. (हा विषाणू वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो, तेव्हा निकालावरून कोणावर संशय घेण्यात अर्थ नाही.) विषाणूचा 16 किंवा 18 क्रमांकाचा प्रकार निघाला तर साधारणपणे थेट कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुख भिंगातून मोठे करून पाहण्याची तपासणी) करतात, कारण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे 70 टक्के रुग्णांमागे हे दोन प्रकार असतात. इतर प्रकार असेल तर बरेचदा आधी गर्भाशयमुखाच्या पेशी तपासतात, आणि त्या डॉक्टरांनाच घ्याव्या लागतात. तुमच्या स्वॅबवरून ते होत नाही.

‘खात्री करून घेऊ’ म्हणून दुसरे किट मात्र मागवू नका. ते निगेटिव्ह आले तरी पहिला निकाल पुसला जात नाही, उगाच तपासणी लांबते. पहिलाच अहवाल घेऊन डॉक्टरांची वेळ घ्या.