हलकी, जोरकस स्पोर्ट्स कार : सुरुवात सांगाड्यापासून

६०० किलोच्या गाडीत १५० अश्वशक्तीचे इंजिन बसवल्यास टनामागे २५० अश्वशक्ती मिळते, शिवाय कमी वजनाचा लाभ ब्रेकला आणि वळणांवरही होतो. १९५७ची लोटस सेव्हन ही हलकी ब्रिटिश स्पोर्ट्स कार याच विचारातून घडली. म्हणून अशी गाडी बांधताना प्रथम पोलादी नळ्यांचा सांगाडा त्रिकोणी जोडणीने आखावा, कारण नुसत्या चौकोनी चौकटी पिळाने सहज वाकतात. कोल्हापुरात उद्यमनगरातील कुशल कारागिरांकडून नळ्या मापात कापून घ्याव्यात. मात्र वेल्डिंगच्या उष्णतेने सांगाडा वाकडा होऊ नये यासाठी तो सपाट टेबलावर घट्ट जखडावा. इथे घाई मुळीच नको. सस्पेन्शनचे (चाकांचे धक्के झेलणाऱ्या जोडणीचे) आधारबिंदू दोन्ही बाजूंना अचूक जुळल्यावरच इंजिन बसवावे. रस्त्यावरील वापरासाठी नोंदणीची चौकशी आराखड्याच्या टप्प्यातच आरटीओकडे करावी. नोंदणी नसेल तर गाडी ट्रॅकपुरतीच ठेवावी.