जुन्या विटांच्या भिंतीला थेट टाइल्स लावू नका

जुन्या विटांच्या घरात नवीन बाथरूम काढताय? तर आधी एक करा, विटेवर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा, काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर समजायचं की ओल भिंतीतूनच येतेय, मग कितीही भारी वॉटरप्रूफिंग लावलं तरी ते पापुद्र्यासारखं सुटणारच. आधी ओलीचं मूळ शोधा, गळका पाइप, तुंबलेलं गटार, काय असेल ते.

चुन्यात बांधलेली भिंत ओल शोषते आणि हवेत सोडते, तिला सिमेंटने लिंपून टाकलं की ओल आत कोंडते. म्हणून विटेपासून २५ ते ५० मिमी जागा सोडून मेटलची वेगळी फ्रेम उभी करायची, त्यावर सिमेंट बोर्ड (जिप्सम नको, ओला झाला की फुगतो), बोर्डावर वॉटरप्रूफिंगचे दोन कोट, मग टाइल्स. कोपऱ्यात आणि नळाच्या पाइपभोवती मात्र जाळीची टेप दाबून बसवा, गळती बहुतेकदा तिथूनच सुरू होते आणि मिस्त्री नेमकं तेच घाईत उरकतात. मागच्या पोकळीत हवा खेळायला वर-खाली फटी ठेवा.