हेलसिंकीत भूमध्यसागरी जेवण: टेबल कसे निवडावे आणि काय विचारावे

फिनलंडची राजधानी हेलसिंकीत देखण्या जागी भूमध्यसागरी धाटणीचे जेवण घ्यायचे असेल, तर शोधाची सुरुवात एस्प्लानाडी, बुलेवार्डी आणि पुनावुओरी या पायी फिरण्याजोग्या मध्यवर्ती भागापासून करावी. ब्रोंडा आणि बुलेवार्ड सोशल ही रेस्टॉरंटे याच परिसरात या धाटणीसाठी ओळखली गेली. मात्र या धंद्यात नावे आणि आचारी लवकर बदलतात, त्यामुळे जाण्यापूर्वी ताजा मेनू आणि वेळा पाहून घ्याव्यात. शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळसाठी टेबल आधीच राखून ठेवावे. रविवारी आणि सोमवारी बऱ्याच जागा बंद असतात, आणि जूनच्या उत्तरार्धातील युहान्नुस या मध्य-उन्हाळ्याच्या सणाला तर निम्मे शहर गावाबाहेरच्या घरांकडे निघून जाते. खर्च आटोक्यात ठेवायचा असल्यास साधारण 11 ते 2 या वेळेतील 'लोउनास', म्हणजे दुपारचे जेवण, पाहावे.

येथे बहुधा लहान पदार्थ मागवून सर्वांनी वाटून खाण्याची पद्धत असते. पानात सगळे एकदम वाढण्याची सवय असलेल्या आपल्याला पदार्थ टप्प्याटप्प्याने येणे आरंभी खटकते. तेव्हा चौघांनी आधी पाच-सहा पदार्थ मागवावेत आणि पोटाचा अंदाज घेऊन पुढचे सांगावे. विस्तवावर भाजलेल्या वांग्यात तिळाची पेस्ट आणि लिंबू घालून केलेले बाबा गनूश अवश्य मागवावे, कारण ते आपल्या भरताचे दूरचे भावंडच आहे, फक्त त्यात फोडणी नाही.

शाकाहारी मंडळींनी मेनूवरील अक्षरांवर विसंबू नये. फिनलंडमध्ये पदार्थापुढील 'एल' म्हणजे लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, नसलेले (त्यात दूध असू शकते), 'एम' म्हणजे दुधाशिवाय आणि 'जी' म्हणजे ग्लुटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतले प्रथिन, नसलेले. यांपैकी एकही अक्षर मांस किंवा मासे नसल्याची हमी देत नाही. 'व्ही'चा अर्थ कुठे शाकाहारी, तर कुठे व्हीगन असा असतो, म्हणून तळटीप वाचावी. रिसोटोत (इटालियन पद्धतीच्या मऊ भातात) कोंबडीचे स्टॉक, म्हणजे उकळून काढलेला रस, आहे का, सॉसमध्ये अँकोव्ही ही छोटी खारवलेली मासळी आहे का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातील रेनेट (दूध फाडणारे द्रव्य) वापरूनच केले जाते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी तेही आधीच सांगावे. मेनूवर किंवा दुकानात दिसणारे 'आन्योविस' हे मात्र अँकोव्ही नव्हे, तर मसाल्यात मुरवलेली स्प्रॅट मासळी असते.

हिवाळ्यात दाराशीच कोट ठेवण्याची जागा, 'नारिक्का', असते आणि तिचे काही ठिकाणी पैसे पडतात. बिलात कर आणि सेवा धरलेली असते, त्यामुळे टिपेची अपेक्षा नसते. नळाचे पाणी उत्तम असते, तेच मागावे. जूनमध्ये बाहेरच्या टेरेसवर बसणार असाल, तर सूर्य रात्री पावणेअकराच्या सुमारास मावळतो; जाकीट सोबत ठेवावे आणि डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून पश्चिमेकडे पाठ येईल अशी खुर्ची पकडावी.