गरीचं सामान घेताना दुकानात काय बघाल

माझ्या लहानपणी मालवणच्या बाजारात गरीच्या, म्हणजे गळ टाकून मासे धरायच्या सामानाचं वेगळं दुकान नव्हतं. सुतळी, कंदिलाच्या काचा, खिळे, डांबर विकणाऱ्या दुकानात मागच्या फळीवर बिस्किटांच्या जुन्या डब्यात गळ असत. दुकानदार ते सुटे मोजायचा आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात पुडी बांधून द्यायचा. शेजारच्या डब्यात छर्रे. रानडुकरं शेत उकरायची, म्हणून वाडीत एखाद्याकडे तरी ठासणीची बंदूक असायचीच. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि छऱ्यांचा डबा हळूहळू रिकामाच राहू लागला. गळांचा डबा मात्र वाढत वाढत अख्खं दुकान झाला.

एसटीत कंडक्टर होतो तेव्हापासून मी तिथलाच गिऱ्हाईक. नवख्या माणसाला माझं पहिलं सांगणं : दुकानात शिरून 'एक रॉड द्या' म्हणू नका. तसं म्हणणाऱ्याला समोर टांगलेला चकचकीत रॉड मिळतो, आणि त्यात दुकानदाराची चूक नसते. कुठे बसणार आणि कुठला मासा हवा, ते सांगा. आमच्या दुकानातला म्हातारा स्वतःच विचारायचा, "खंय गरवतलास? खडपार काय खाडयेत?" म्हणजे, कुठे गळ टाकणार, खडकावर की खाडीत? हा प्रश्न न विचारता बिल फाडणारं दुकान मी मनातून वजा करतो.

कोळंबच्या खाडीत काळुंदर नाहीतर शेंगटी काढायची तर रॉड लागतच नाही. पन्नासेक मीटर तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळा, टोकाला शिसं आणि गळ, झाली हातगरी. खडपावरून लांब फेकायचं असेल तरच नऊ-दहा फुटी रॉड आणि चार-पाच हजार नंबरचं रीळ. रीळ घेताना त्याचा रंग बघत बसू नका. उद्या आतली स्प्रिंग तुटली तर सुटी मिळेल का, एवढं विचारा. उत्तर 'नवीन घ्या' असेल तर स्वस्त रीळ महाग पडतं. खाऱ्या पाण्यातून आल्यावर ते गोड्या पाण्याने धुवायला हवं, हे न सांगणारा दुकानदारही मला आवडत नाही.

गळांचे नंबर उलटे चालतात. दहा नंबर लहान, चार नंबर मोठा, एकपर्यंत असं वाढत जातं. त्यापुढे एक-शून्य, दोन-शून्य आले की आकड्याबरोबर गळही मोठा होतो. यात मीही फसलोय. मोठ्या तांबोशीसाठी गेलो आणि लहानशा मुडदुशीचे गळ घेऊन घरी आलो. आता गळ पाकिटात बंद येतात, नॉर्वेच्या मुस्टाडपासून बिननावाच्यापर्यंत. पाकीट फोडू देत असतील तर एक गळ अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढून बघा. टोक रुतलं तर घ्या, घसरलं तर ठेवून द्या.

तंगूस दारातल्या काचेजवळचं नको. उन्हाने नायलॉन कमकुवत होतं, म्हणून आतल्या फळीवरचं मागा. हातभर सोडवून गाठ मारा, गाठ थुंकीने ओली करून आवळा आणि ओढा. कोरडी आवळली तर चांगली दोरीही गाठीत जळते आणि दुकानदाराला उगाच शिव्या बसतात. विणलेली ब्रेडेड दोरी बारीक आणि बळकट असते, पण दगडाच्या कडेला लागली की कापली जाते. मी मोबाईलवरून मागवलेली अशी दोरी रॉक गार्डनच्या खडपात पहिल्याच दिवशी गेली, मासा, गळ, शिसं सगळं घेऊन. दुकानात गेलो असतो तर पुढे दोन हात जाड तंगूस जोड, असं म्हाताऱ्याने नक्की सांगितलं असतं.

शिसं दोन वजनांचं घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी जोरात ओढतं, तिथे जड लागतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाण्याची ओढ कमी असते, तेव्हा हलकं पुरतं. आणि चार जास्तच घ्या, खडपं शिसं खातात.

जायचं कधी, हेही महत्त्वाचं. जुलै संपत आला की दुकानात उभं राहायला जागा नसते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, ती उठायच्या आधी ट्रॉलरवाले दोर, बोये, जाळी उचलायला येतात. आपल्या चार गळांसाठी तेव्हा कोण थांबणार? जूनमधल्या पावसाळी दुपारी जा. जाळी शिवायचा दोरा सोडला तर फारसं काही खपत नाही, मग मालक स्टूल सरकवतो आणि बोलतो.

आता गल्ल्यावर मुलगा असतो. प्लास्टिकचे रंगीत मासे कुठले चालतात ते त्याला ठाऊक, कारण काल कोणाला काय लागलं याचे फोटो त्याच्या मोबाईलवर येतात. पाण्याचं विचारलं की मात्र तो आतल्या खोलीकडे बघून हाक मारतो, "बाबा, सुकती कधी लागतली?" म्हातारा जागेवरूनच ओहोटीची वेळ सांगतो. ती ऐकूनच बाहेर पडा, आणि वाटेत मासळी बाजारातून ताजी बारीक कोळंबी घ्या. आमिष हे दुकान ठेवत नाही.